आकाशातील अदब

एस. टी.च्या वाहकाने ‘पुढे सरका, पुढे सरका’ म्हणून दरडावले, तर मराठी प्रवासी मुकाट्याने पुढे सरकतो. रेल्वेच्या खिडकीमागचा कारकून तुसडेपणाने बोलला, तरी गाडी सुटेपर्यंत तो बोल विसरला जातो. परंतु तोच प्रवासी विमानात बसला आणि तेथील परिचारिकेने नुसत्या भुवया उंचावल्या, तरी त्याचा सल त्याच्या मनात महिनोन्महिने राहतो. शब्द तितकाच, माणूसही तोच; मग दुखणे अधिक का?

याची कारणे शोधू गेल्यास दोन सापडतात. पहिले अपेक्षेचे. विमानप्रवास हा आपल्या देशात फार दिवस राजेशाही थाटाचा प्रवास म्हणून ओळखला गेला. एअर इंडियाने १९४६ साली बोधचिन्ह निवडले तेच मुळी कमरेत वाकून स्वागत करणाऱ्या महाराजाचे. बॉबी कूका यांच्या कल्पनेतून आणि उमेश राव यांच्या कुंचल्यातून उतरलेल्या त्या महाराजाने तिकिटाबरोबर एक अलिखित वचनही विकले: येथे तुम्ही ग्राहक नव्हे, पाहुणे आहात. दुसरे कारण कोंडीचे. बसमध्ये पटले नाही तर पुढच्या थांब्यावर उतरता येते. दुकानदार उर्मट निघाला तर शेजारचे दुकान असते. विमानात दार एकदा लागले की उतरण्याची सोय नाही, जागा बदलण्याची मुभा नाही, आणि ज्या व्यक्तीने अपमान केला तिच्याच हातून पाण्याचा पेला घ्यावयाचा असतो. शंभर-दीडशे अनोळखी माणसे बघत असतात. अपमान गिळावा तर मन जळते, बोलावे तर तमाशा होतो. या कोंडीतून शहाणपणाने बाहेर कसे पडावे, हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाही.

या प्रश्नाचा विचार करण्यास बंगळूरइतके योग्य शहर दुसरे क्वचितच मिळेल. हिंदुस्थानातील विमानविद्येचे हे माहेरघर. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानच्या साहाय्याने १९४० च्या डिसेंबरात येथे विमानाचा कारखाना काढला. त्या कारखान्याच्या धावपट्टीवरूनच २००८ च्या मे महिन्यापर्यंत शहराची नागरी विमाने उडत होती. त्यानंतर ती देवनहळ्ळीच्या नव्या विमानतळावर गेली. आणि याच शहरात २००३ साली कॅप्टन गोपीनाथ या निवृत्त लष्करी अधिकाऱ्याने एअर डेक्कन ही स्वस्त विमानसेवा सुरू केली. तिचे बोधचिन्ह मोठे बोलके होते. म्हैसूरला जन्मलेल्या आणि मुंबईत नावारूपाला आलेल्या आर. के. लक्ष्मण यांचा तो धोतर नेसलेला, चौकडीचा कोट घातलेला ‘कॉमन मॅन’ तिने आपल्या विमानांवर रंगविला. महाराजाची जागा सामान्य माणसाने घेतली!

हा बदल केवळ चित्राचा नव्हता. महाराजाच्या विमानात जेवण तिकिटातच मिळे. सामान्य माणसाच्या विमानात चहाचेही पैसे मोजावे लागले. विमान जमिनीवर उभे राहिले की तोटा होतो, म्हणून अर्ध्या तासाच्या आत जुने प्रवासी उतरवून, आसने आवरून, नवे प्रवासी बसवून पुन्हा उड्डाण करण्याची रीत आली. एअर डेक्कन २००८ मध्ये दुसऱ्या कंपनीत विलीन झाली, परंतु तिने पाडलेला पायंडा देशभर रुजला. बेळगाव, कोल्हापूर, हुबळी येथील माणूस बंगळूरला नोकरीस असलेल्या मुलाकडे विमानाने जाऊ लागला. म्हणजे एकीकडे महाराजाच्या आतिथ्याची कीर्ती ऐकून आयुष्यात प्रथमच विमानात पाऊल टाकणारा प्रवासी, आणि दुसरीकडे दिवसातले तिसरे वा चौथे उड्डाण करणारी, घड्याळाशी झुंजणारी कर्मचारी, अशी ही गाठ पडते. बहुतेक कटू प्रसंगांचा जन्म या दोघांच्या दुष्टपणात नसून या विजोड गाठीत असतो.

ही कर्मचारी आहे तरी कोण? मराठीने तिला ‘हवाई सुंदरी’ हे नाव दिले आणि त्या नावातच एक अन्याय करून ठेवला. तिच्याकडून प्रथम सौंदर्य मागितले, मग हास्य, आणि काम सर्वांत शेवटी. वस्तुतः या व्यवसायाचा आरंभ वेगळा आहे. १९३० च्या मे महिन्यात अमेरिकेत एलेन चर्च ही पहिली विमानपरिचारिका म्हणून उड्डाणास गेली, ती शिकलेली परिचारिका म्हणजे नर्स होती. प्रवाशांना धीर देणे आणि प्रसंगी शुश्रूषा करणे हे तिचे काम. आजही या पेशाचा गाभा तोच आहे. विमान प्रवासी वाहतुकीस योग्य ठरविताना त्यातील सर्व माणसे निम्म्याच दारांतून नव्वद सेकंदांत बाहेर काढता येतात, हे सिद्ध करावे लागते. आणि ती बाहेर काढण्याचे शिक्षण ज्यांना दिलेले असते, तीच ही मंडळी. १४ फेब्रुवारी १९९० रोजी मुंबईहून आलेले इंडियन एअरलाइन्सचे विमान बंगळूरला उतरता उतरता धावपट्टीच्या अलीकडेच कोसळले. विमानातील १४६ जणांपैकी ९२ जण गेले, ५४ वाचले. पेटत्या विमानात आसनाचा पट्टा, दाराची वाट आणि क्षणाचा विलंब यांना काय किंमत असते, हे बंगळूरला वेगळे सांगावयास नको. १९८६ च्या सप्टेंबरात कराचीच्या विमानतळावर अपहृत विमानातील प्रवाशांना वाचविताना मुंबईच्या नीरजा भनोतने बावीसाव्या वर्षी प्राण दिले आणि मरणोत्तर अशोकचक्राची ती मानकरी झाली. ‘सुंदरी’ हा शब्द तिच्यापुढे किती तोकडा पडतो!

तथापि या पेशाला मान मिळण्यास फार वेळ लागला. एअर इंडियातील विमानपरिचारिकेने पहिल्या गरोदरपणी नोकरी सोडली पाहिजे, असा नियम आपल्या देशात होता. तो सर्वोच्च न्यायालयाने १९८१ साली नर्गिस मिर्झा खटल्यात रद्द केला. मात्र नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत विवाह करू नये, हे बंधन त्याच निर्णयाने कायम ठेवले. आर्ली हॉक्शील्ड या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ विदुषीने १९८३ साली विमानपरिचारिकांवरच एक ग्रंथ लिहिला आणि त्यांच्या श्रमाला ‘भावनिक श्रम’ हे नाव दिले. हमाल पाठ विकतो, लेखनिक बोटे विकतो. येथे मात्र चेहऱ्यावरचे हास्यच पगाराच्या मोबदल्यात विकावे लागते. हास्य हे मनातून यावयाचे असते. ते ठरलेल्या वेळी, ठरलेल्या संख्येने काढू म्हटले तर मन शिणते, आणि शिणलेले मन एखाद्या प्रवाशावर खेकसते. १९२५ सालच्या गिरणी कामगाराला भोंगा वाजला की काम सुरू झाले हे ठाऊक असे. परंतु कॅनडात ऑगस्ट २०२५ मध्ये सुमारे दहा हजार विमानपरिचारक संपावर गेले, तेव्हा त्यांची एक मुख्य तक्रार अशी होती की, विमान जमिनीवर असताना केलेल्या कामाचे पैसेच मिळत नाहीत. प्रवासी चढत असतात, पेट्या कोंबत असतात, भांडत असतात, तो हाच वेळ.

डिसेंबर २०२२ मध्ये इस्तंबूलहून दिल्लीस येणाऱ्या एका भारतीय विमानात जेवणाच्या निवडीवरून वाद झाला. प्रवाशाच्या बोलण्याने एका परिचारिकेला रडू कोसळले. तेव्हा दुसरी पुढे आली आणि तिने ठणकावून सांगितले की, आपण कंपनीची कर्मचारी आहोत, प्रवाशाची नोकर नव्हे. ते चलच्चित्र देशभर पाहिले गेले आणि लोकांत दोन तट पडले. एक पक्ष म्हणाला, ही उर्मट. दुसरा म्हणाला, ही स्वाभिमानी. या वादात एक गोष्ट झाकली गेली, ती ही की, सेवा आणि गुलामी यांतील रेषा ओळखण्याची सवय आपल्या समाजाला अद्याप नाही. घरातील मोलकरणीशी ज्या स्वरात बोलण्याची सवय जिभेला लागली, तोच स्वर तीस हजार फुटांवर गेला तरी आपोआप बदलत नाही.

परंतु हे सर्व मान्य केले, तरी कर्मचाऱ्याच्या थकव्याखाली प्रवाशाची प्रतिष्ठा चिरडली जावी, असे मुळीच नाही. अन्याय खरोखर घडतो, आणि तो बहुधा ज्याचा आवाज क्षीण त्याच्यावर घडतो. १९ फेब्रुवारी २०१२ रोजी जीजा घोष कलकत्त्याहून गोव्यास निघाल्या. जन्मतः सेरेब्रल पाल्सी हा विकार असलेल्या, अपंगांच्या हक्कांसाठी झटणाऱ्या या विदुषीला मुंबईच्या ‘अडॅप्ट’ या संस्थेने गोव्यातील परिषदेस बोलाविले होते. त्या आसनावर बसल्या होत्या. स्पाइसजेटच्या कर्मचाऱ्यांनी त्यांचा प्रवेशपास पाहिला आणि त्यांना विमानातून उतरविले. डॉक्टरांचा सल्ला घेतला नाही, त्यांचे म्हणणे ऐकून घेतले नाही. त्यांची परिषद हुकली. परंतु त्यांनी आरडाओरडा केला नाही, तसे त्या मूग गिळूनही बसल्या नाहीत. त्यांनी आणि त्या संस्थेने थेट सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावले. १२ मे २०१६ रोजी न्यायालयाने कंपनीस दहा लाख रुपये भरपाई देण्यास फर्माविले आणि मानवी प्रतिष्ठा ही दयेची बाब नसून हक्काची बाब आहे, या तत्त्वावर आपला निर्णय उभा केला. सहा वर्षांनी, मे २०२२ मध्ये, रांचीच्या विमानतळावर एका अपंग मुलाला विमानात घेण्याचे इंडिगोने नाकारले, तेव्हा नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने त्याच महिन्यात कंपनीस पाच लाखांचा दंड केला आणि लवकरच नियमही बदलले: केवळ अपंगत्वाच्या सबबीवर कंपनीने प्रवास नाकारू नये, प्रकृतीविषयी शंका आली तर डॉक्टरला विचारावे. एका स्त्रीने चार वर्षे धरलेला धीर कोणाकोणाच्या उपयोगी पडतो, ते यावरून दिसते.

आणि अपमान नेहमी शब्दांनीच होतो असेही नाही. ९ जानेवारी २०२३ रोजी सकाळी बंगळूरहून दिल्लीस जाणारे गो फर्स्टचे विमान आपले ५५ प्रवासी धावपट्टीजवळच्या बसमध्येच सोडून उडून गेले! त्यांच्या हातांत प्रवेशपास होते, सामान विमानात होते. माणसे तेवढी मागे. कोणी त्यांना वेडेवाकडे बोलले नाही. परंतु ५५ माणसे नाहीत हे कोणाच्या ध्यानीमनीही येऊ नये, यापरता अनादर कोणता? महासंचालनालयाने त्या कंपनीस दहा लाखांचा दंड केला.

मग सामान्य प्रवाशाने वागावे कसे? सर्वप्रथम त्याने आज्ञा आणि अवमान या दोन गोष्टी वेगळ्या करावयास शिकले पाहिजे. ‘पट्टा बांधा’, ‘आसन सरळ करा’, ‘खिडकीचे झाकण वर करा’, ‘पेटी पायाशी ठेवू नका’ ही वाक्ये कितीही कोरडेपणाने उच्चारली गेली, तरी ती अपमानास्पद नव्हेत. खिडकी उघडी असली तर बाहेरची आग दिसते. पेटी पायाशी असली तर पळणारा अडखळतो. प्रत्येक आज्ञेमागे कुठल्यातरी अपघाताची आठवण आहे. जड पेटी वरच्या कप्प्यात ठेवून देण्यास परिचारिकेने नकार दिला, तर त्यातही तिचा उद्धटपणा नाही. दिवसाला अशा पन्नास पेट्या उचलल्या तर तिचा कणा उरणार नाही. याउलट प्रवाशाचे वय, भाषा, पेहराव, जात, अपंगत्व यांवरून त्याला हिणविणे, विचारलेल्या प्रश्नाला उत्तर न देता हसणे, पाणी मागितले असता दुर्लक्ष करणे, हा अवमान होय. नऊवारी नेसलेली बेळगावकडची वृद्धा इंग्रजी व हिंदी घोषणा न समजल्याने गोंधळली आणि तिला कोणी वेंधळी ठरविले, तर तो अवमानच आहे. बहुभाषी बंगळूरहून सुटणाऱ्या विमानात कानडी वा मराठी एक शब्द कानी पडला, तर त्या वृद्धेचा अर्धा भार हलका होईल. त्याला खर्चही पडत नाही.

अवमान झालाच, तर एक सूत्र लक्षात ठेवण्याजोगे आहे: आज्ञा आकाशात पाळावी, जाब जमिनीवर विचारावा. कारण विमानात न्यायाधीश नसतो. तेथे वैमानिकाचा शब्द अखेरचा असतो, आणि आवाज चढविणारा प्रवासी, मग तो मुळात बरोबर का असेना, क्षणात आरोपी बनतो. मार्च २०१७ मध्ये पुण्याहून दिल्लीस गेलेल्या महाराष्ट्रातील एका लोकसभा सदस्याने आसनाच्या श्रेणीवरून वाद झाला असता एअर इंडियाच्या अधिकाऱ्यास चपलेने मारल्याचे स्वतःच सांगितले. त्यांच्या तक्रारीत तथ्य किती होते, याची चौकशी मग कोणी केली नाही. चप्पल तेवढी लक्षात राहिली. कंपन्यांनी त्यांना विमानात घेणे बंद केले, आणि एप्रिलमध्ये लेखी खेद व्यक्त केल्यावरच ती बंदी उठली. त्याच वर्षी सप्टेंबरात महासंचालनालयाने बेशिस्त प्रवाशांसंबंधी नियम केले. त्यांनुसार शाब्दिक गैरवर्तनास तीन महिन्यांपर्यंत, अंगचटीस वा मारहाणीस सहा महिन्यांपर्यंत आणि जिवास धोका आणणाऱ्या कृत्यास किमान दोन वर्षे विमानबंदी ठरली. निर्णय निवृत्त जिल्हा न्यायाधीशाच्या अध्यक्षतेखालील समितीने तीस दिवसांत द्यावयाचा, आणि त्यावर साठ दिवसांत अपील करण्याची सोय प्रवाशाला ठेवली.

म्हणून विमानात असताना शांत स्वरात, शक्य तर एकाच वाक्यात, आपल्याला काय खटकले ते सांगावे. तेवढ्याने न भागल्यास त्या उड्डाणावरील प्रमुख परिचारकास बोलावण्याची विनंती करावी. कर्मचाऱ्याच्या छातीवरील नाव, उड्डाणाचा क्रमांक, आसन, वेळ आणि उच्चारलेले शब्द जसेच्या तसे लिहून ठेवावेत. शेजारच्या प्रवाशाने प्रसंग पाहिला असेल, तर साक्ष देण्याची त्याची तयारी विचारून घ्यावी. पुष्कळदा असेही होते की, कागद-पेन हातात घेतल्याबरोबर निम्मा राग ओसरतो आणि उरलेला निम्मा नेमका होतो.

जमिनीवर उतरल्यावर तक्रार प्रथम कंपनीकडे द्यावी. प्रत्येक कंपनीस तक्रारींसाठी नोडल अधिकारी आणि त्यावर अपील अधिकारी नेमावा लागतो. तेथे दाद न मिळाल्यास केंद्र सरकारने २०१६ साली सुरू केलेल्या ‘एअरसेवा’ या व्यवस्थेकडे ती नोंदविता येते. त्याने समाधान न झाल्यास ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने एक मोठी सोय केली: तक्रारदार जेथे राहतो वा नोकरी करतो, तेथील जिल्हा आयोगापुढे त्याला दाद मागता येते. बंगळूरच्या उड्डाणातील प्रसंगासाठी सांगलीच्या माणसाला बंगळूरला खेटे घालावयास नकोत. मोबदला पाच लाखांच्या आत असेल तर शुल्क नाही, वकील देण्याची सक्ती नाही. मुदत मात्र दोन वर्षांची आहे. राष्ट्रीय ग्राहक साहाय्य केंद्राचा १९१५ हा दूरध्वनी क्रमांकही सल्ल्यासाठी आहे.

तक्रार लिहिताना विशेषणे वगळावीत. ‘अत्यंत उर्मट आणि नीच वर्तन’ या शब्दांनी काहीच सिद्ध होत नाही. ‘तीन वेळा पाणी मागितले, चाळीस मिनिटे मिळाले नाही, चौथ्या वेळी असे उत्तर आले’ या वाक्याने सर्व काही सिद्ध होते. शिवाय मागणी स्पष्ट असावी: क्षमापत्र हवे, पैसे परत हवेत, की पुन्हा असे न घडण्याची व्यवस्था हवी? आणि एका गोष्टीचे भान सुटू नये. तक्रारीचा कागद पुष्कळदा कंपनीच्या ज्या धोरणावर पडावयास हवा त्याऐवजी एका बावीस वर्षांच्या मुलीच्या नोकरीवर पडतो. अर्ध्या तासात दीडशे माणसे उतरवून दीडशे चढविण्याचे वेळापत्रक तिने आखलेले नसते. म्हणून दोष व्यक्तीचा किती आणि व्यवस्थेचा किती, हे प्रामाणिकपणे तोलून लिहिणे हे तक्रारदाराचेही कर्तव्य आहे. तशीच, एखादीने भल्या पहाटेच्या उड्डाणात रडणारे मूल शांत केले, तर दोन ओळींचे शाबासकीचे पत्र लिहावयास काय हरकत आहे? आपल्याकडे तक्रारपेट्या भरतात. कौतुकाची पेटी कोणी ठेवीतही नाही.

बंगळूरच्या बसमध्ये, बाजारात, दारोदारी एक वाक्य हमखास कानी पडते: ‘स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी’, म्हणजे जरा सांभाळून घ्या. त्यातला ‘स्वल्प’ हा शब्द मराठी माणसाला ओळखीचा वाटतो, आणि त्या वाक्याचे सारे मर्मही त्याच शब्दात आहे. हाताच्या टेकणासाठी, पायाच्या वीतभर जागेसाठी, उशिरा आलेल्या चहासाठी, थकलेल्या जिभेच्या कोरड्या शब्दासाठी सांभाळून घ्यावे, परंतु स्वल्पच. माणूसपणावर घाला आला तेथे सांभाळून घेणे संपते आणि लेखणी सुरू होते. विमानात महाराजाही नको आणि नोकरही नको. तिकीट घेतलेला एक नागरिक आणि कामावर असलेला दुसरा नागरिक, एवढीच तेथली खरी नाती. ती दोघांनी ओळखली, तर आकाशात अदब आपोआप येईल.